बांधाकडची पट्टी

कमळूला लाज म्हणून नाय, असं बाईजा सकाळपासून बडबडत होती. शेणवे गावातल्या अख्ख्या आळीत कुणाला फुकट पाणी न पाजणारा तिचा दीर आज धुतलेला शर्ट घालून साहेबांना चहा वाटत होता.

"म्हशाच्या गुरांच्या जत्रेत बघितलाय गो याला," ती सून मनस्वीला म्हणाली. "नकोसा झालेला बैल 'इकायचा नाय' सांगून चढ्या भावानं खपवतो."

"आत्या, हळू. ऐकतील ते."

"ऐकू दे की. त्याच्यासाठीच बोलतेय."

दोघांच्या शेतांच्या मधोमध बांधाकडची एक पट्टी होती. सासरा गेल्यापासून दीर-भावजय तिच्यावरून भांडत आलेले. कमळूने 'माझी' म्हणायचा अवकाश, त्याचं तोंड मिटायच्या आत बाईजाचं 'माझी' तयार. त्याच पट्टीत कुणी टँकरवाला कुठल्याशा कंपनीचा काळा गाळ ओतून पळाला, आणि तिथलं गवतसुद्धा करपलं.

प्रदूषणवाले आले, तहसीलवाले आले, पाणी तपासणारे आले. जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवून जायचा. शेवटी या सगळ्यांची मोट बांधायचं काम कलेक्टर कचेरीतल्या जयामॅडमकडे आलं. त्यांनी आज सगळ्यांना एकाच वेळी बांधावर आणून बसवलं. बाईजाला बाई तेवढ्यावरच आवडली.

"विहिरी चांगल्या आहेत," मॅडम म्हणाल्या. "शेतातही विष उतरलेलं नाही."

गावाने श्वास सोडला. बाईजाने पदराने तोंड पुसलं.

"पण पट्टी उकरून गाळ न्यावा लागेल. ट्रक, पोकलेन शेतातूनच जाणार. म्हणून ज्याची पट्टी, त्याचं शेत काम होईपर्यंत बंद. भात लावायचा नाही. भरपाईचं आज काही सांगता येत नाही. तर, पट्टी कुणाची?"

बाईजाने वळून आपल्या शेताकडे बघितलं. वर्षाचा तांदूळ त्याच शेतातून घरात यायचा. आणि जन्मभर चावडीवर ओरडून सांगितलेलं आता कुठल्या तोंडाने मागे घ्यायचं?

तेवढ्यात कमळू उठला. छातीवर हात ठेवून म्हणाला, "माझी. बापाची शप्पत, माझीच हाय."

सरपंच भिमाचे डोळे भरून आले. "काय मन हाय रे तुझा, कमळू!"

कमळूचं त्याच्याकडे लक्ष नव्हतं. मॅडमकडेही नव्हतं. मान वळवून तो वाट बघत असल्यासारखा वहिनीच्या तोंडाकडे बघत होता.

मग सगळं गावच तिच्याकडे बघायला लागलं. बाईजा पदर खोचून उठली. दोन पावलं पुढे आली. हात उगारला. मनस्वीने डोळे गच्च मिटले.

"लिवा मॅडम, यांचीच हाय," बाईजा म्हणाली, आणि दिराकडे वळली. "भावजी, जल्मात पयल्यांदा खरं बोललात तुमी."