खंबीर

“आमची केशर आठ वर्षांची असल्यापासून कधी रडली न्हाई,” लिंबाजी माइकवर म्हणाला. तो केशरबाईचा थोरला भाऊ. “बापाचा नियमच होता. रडणारं लेकरू दाण्याच्या अंधाऱ्या कोठीत कोंडायचं. बाकीचे आमी लय येळा कोंडलो गेलो. केशर दोनदाच. पुन्हा तिनं तोंडातून आवाज काढला न्हाई. अशी खंबीर बाई.”

मांडवातले लोक कौतुकानं हसले. कुणीतरी टाळी वाजवली, मग बऱ्याच जणांनी वाजवली.

पिंगळी गावात केशरबाईच्या माघारी तिच्या पुण्यानुमोदनाचा, श्रद्धांजलीचा कार्यक्रम चालू होता. तिचा नवरा पंडित पुढच्या सतरंजीवर बसला होता. सकाळपासून जो उठला तो हेच बोलला. सोसलं, बोलली नाही, खंबीर होती. पंडितला परभणीचा डॉक्टर आठवत होता. पोटात आतडं फुटलेलं, आणि बाई सकाळी भाकरी करून दवाखान्यात आली होती.

लहानग्या नातीला, सुकेशनीला, आजीच्या फोटोपुढं मेणबत्ती लावायला बोलावलं. मेणबत्ती कलली आणि गरम मेण तिच्या मनगटावर सांडलं. तिनं ओठ दाबले, हात पाठीमागं नेला आणि तशीच उभी राहिली.

“बघा, बघा,” लिंबाजी म्हणाला. “आजीवर गेली. हूं की चूं न्हाई.”

पुन्हा टाळ्या पडल्या.

पंडित उठला. त्यानं लिंबाजीच्या हातातून माइक घेतला.

“टाळ्या कशाच्या वाजवायलाव?”

टाळ्या थांबल्या.

“दाजी, मी चांगलंच बोलायलो की,” लिंबाजी म्हणाला.

“लेकराला अंधारात कोंडलं, ते चांगलं? डॉक्टरनं मला इचारलं, एवढं दुखत असताना बाई बोलली कशी न्हाई? मी काय सांगू त्याला? ती खंबीर न्हवती, लिंबाजी. ती भ्यालेली होती. म्हातारी झाली तरी तुमच्या कोठीतून भाईर आली न्हवती. तिथंच मेली.”

“बाबा, लोक बसलेत,” सिद्धोधन, पंडितचा मुलगा आणि सुकेशनीचा बाप, हळूच म्हणाला.

“बसू दे. त्यांनाच सांगायलो.”

माइक हातात तसाच ठेवून पंडित सुकेशनीजवळ गेला. गुडघ्यावर बसला. तिचा पाठीमागचा हात पुढं घेतला. मनगट लाल झालं होतं.

“दुखतंय का गं?”

“न्हाई.”

“खरं सांग. कुणी रागावणार न्हाई. कुणी कोंडणार न्हाई.”

सुकेशनीनं बापाकडं पाहिलं. आई बबिताकडं पाहिलं. मग डोकं एका बाजूला कलतं करून ती म्हणाली, “हात थोडाच दुखतोय, आबा. कान लय दुखायलाय.”

बबिता जागेवरून उठली. “कधीपासून गं? मला का न्हाई सांगितलं?”

“आजीला सांगितलं होतं. आजी दवाखान्यात जायच्या आधी.”

“मग?” पंडितनं विचारलं. “आजी काय म्हणली?”

“म्हणली, गप ऱ्हा. आपल्यात रडत नसतेत.”

पंडित तिथंच खाली बसला. त्यानं नातीला मांडीवर ओढून घेतलं. आणि भरल्या मांडवात, माइक चालू असताना, आधी तोच रडला.