शिफारसपत्रावरच्या खुणा

चार वाजून दहा मिनिटं झाली होती, आणि मायाक्कानं आपल्या हातानं आपलं वाटोळं करून घेतलं होतं. सात रस्त्याच्या चौकात रिक्षाची वाट बघत ती उभी होती. हातात कॉलेजात इंग्रजी शिकवणाऱ्या शिवयोगी सरांनी सही-शिक्का मारून दिलेलं शिफारसपत्र. आणि त्यावर वरपासून खालपर्यंत, तिच्याच अक्षरात, इंग्रजीतून, पेन्सिलीनं केलेल्या खुणा!

बंगळुरूच्या एका संस्थेत इंग्रजीच्या पुढच्या शिक्षणाची एकच जागा उरली होती. पत्र पाचच्या कुरिअरनं गेलं नाही तर ती जागाही गेली. मग परत घरी सांगोला, मेंढरं आणि चैत्रात लग्न. वडील बिरुदेव तसं बोलून बसलेच होते.

घात झाला तो हळदीनं. "लिफाफ्याला हळद-कुंकू लावल्याबिगर देऊ नगंस," असं आईनं फोनवर दोनदा बजावलं होतं. हिनं लावलं, ते जरा जास्तच. हळद आत सांडली का बघायला पत्र बाहेर काढलं आणि वाचायला लागली. आता वाचायचं म्हटल्यावर केसात खोचलेली पेन्सिल हातात आलीच. दोन वर्षं सरांनी तेवढंच तर घोकून घेतलं होतं. पेन्सिलीशिवाय वाचू नका. लेखक काय म्हणतो ते सोडा, काय करतोय ते बघा. दावा कुठला, पुरावा कुठला, नुसता भावनेला हात कुठं घातलाय, समासात लिहा. रिक्षा येईना, जिवाला चैन पडेना, आणि हात आपला चालतच राहिला.

भानावर आली तेव्हा समास भरून गेला होता. एका ठिकाणी खोडरबर घासून बघितलं, तर छापील अक्षरंच पुसट झाली. काय करावं? ती तशीच पळत कॉलेजात गेली.

शिवयोगी सर स्टाफरूममध्ये चहा पीत होते. माणूस तापट. वर्गात कुणी जांभई दिली तरी खडू फेकणारा.

"सर, चुकलं माजं. दुसरी प्रिंट द्या की." तिला धाप लागली होती. "तुमचं पत्र मी वर्गातला पॅसेज म्हणून वाचलं."

सरांनी कागद हातात घेतला. चष्मा वर केला, खाली केला. मग वाचायला लागले, आणि तेही मोठ्यानं. "कष्टाळू आणि आज्ञाधारक. इथं तू लिहिलंयस, दावा, पुरावा नाही. मेंढपाळाच्या गरीब घरातली. इथं, वाचणाऱ्याला रडवायचा डाव. उज्ज्वल भविष्य. इथं, हे कुणालाही चालेल." पलीकडचे दोघं प्राध्यापक गालात हसले. मायाक्काला वाटलं, धरणीनं पोटात घ्यावं.

शेवटची खूण सरांनी मनातल्या मनात वाचली. तिथं तिनं लिहिलं होतं, "लेखक मला ओळखतो का?"

घड्याळात साडेचार झाले. चहावर साय धरली.

"दर वर्षी हेच पत्र देतो मी," शेवटी ते म्हणाले. आवाज एकदम उतरला होता. "नाव तेवढं बदलतो."

"रागावू नका सर. मला तसं म्हणायचं न्हवतं."

"तसंच म्हणायचं होतं तुला."

त्यांनी पेन काढलं. नवीन कागद मात्र घेतला नाही. त्याच पत्राच्या तळाला काहीतरी खरडलं, पुन्हा सही केली आणि पत्र लिफाफ्यात घालायला लागले.

"सर! खुणा तशाच हायत की!" ती जवळजवळ ओरडलीच.

सरांनी पत्र परत उलगडून तिच्यापुढं धरलं. नव्या सहीच्या वर इंग्रजीत दोनच वाक्यं होती: "पत्र मी लिहिलंय, ते मनावर घेऊ नका. समासातलं सगळं तिनं लिहिलंय, तेवढं वाचा."