सावलीत वाळवलेली माती

"मग मातीलाच विचारा," तहसीलदार वैतागून म्हणाले आणि त्यांनी चहाची बशी खाली ठेवली.

चावडीतल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. शेवगावच्या बाजूचं ते गाव, साल त्र्याण्णव, आणि भांडण गायरानाच्या एका तुकड्याचं. कलाबाईचं म्हणणं, तिच्या नवऱ्यानं, सहादूनं, तो पंधरा वर्षांपूर्वी फोडला, दगड वेचून बांध घातला आणि तेव्हापासून तिथं दर साल बाजरी होते. उपसरपंच गोरक्षचं म्हणणं, गेल्या वर्षीच गुपचूप नांगर घातलाय. सहादू वारला होता. साक्षीला उरली ती बौद्धवस्तीतलीच माणसं, आणि त्यांच्या साक्षीला चावडीत किती किंमत असते हे सांगायला नको. जुनी वहिवाट शाबित झाली तर जमीन कलाबाईच्या नावावर होणार होती. नाही झाली तर परत गायरानात.

डॉ. वृषाली त्या वर्षी जिल्हाभर मातीचे नमुने घेत हिंडत होती. गवताखालची जमीन नांगराखाली आली की तिच्यात कुजलेला पाला आणि मुळ्या वर्षानुवर्षं वायू होऊन उडून जातात, तोच वायू हवा तापवतो, असं तिचं संशोधन. जमीन काल नांगरलीय की फार पूर्वी, हे तिला मातीवरून सांगता यायचं. बाहेरची बाई, कुणाच्या अध्यात ना मध्यात. दोन्ही बाजू कबूल झाल्या.

"माती कशी निघाली म्हंजे कुनाचं खरं?" गोरक्षनं विचारलं.

"ते आत्ता सांगणार नाही. सांगितलं की कुणाचा तरी हात शिवशिवतो."

लोक हसले. वृषालीला स्वतःच्या हुशारीचं जरा कौतुकच वाटलं.

तिनं एक नमुना बांधापलीकडच्या गवतातून काढला, एक कलाबाईच्या रानातून. गोरक्षनं रानातली माती तळहातावर घेऊन फुंकली. "ही माती म्हनायची का राख? कुसळं तरी उगवत्यात का हिच्यात?"

कलाबाईचा चेहरा उतरला. वृषाली मात्र मनात खूश होती. इतकी फिकट, दमलेली माती एका वर्षात होत नाही. म्हातारीची जमीन वाचणार होती. पण नियम म्हणजे नियम, ती काही बोलली नाही.

नमुने सावलीत वाळवावे लागतात, आणि तिला तर भाताची खाचरं बघायला डोंगराकडच्या अकोले तालुक्यात जायचं होतं. माती कलाबाईच्या ओसरीवर ठेवायचं निघालं तेव्हा कुणीतरी कुरकुरलं.

"ठिवा की," गोरक्ष म्हणाला. "म्हातारी काय मातीचं सोनं करनार हाय?"

ओसरीवर दोन गोणपाटं अंथरली गेली. "मावशी, कोंबड्या येऊ देऊ नका," वृषालीनं बजावलं.

"लेकरावानी राखते. बाई, साहेब समदं हिच्यावरच ठरवनार व्हय?"

"हिच्यावरच."

आठवड्यानं ती परतली तेव्हा ओसरी सारवलेली होती. दोन्ही गोणपाटांवरची ढेकळं फोडून माती मऊ केलेली.

"हात लावलात ना मावशी?"

"खडं तेवढं येचलं, बाई."

खडे वेचल्यानं काही बिघडत नव्हतं. एसटीची वेळ झाली होती. वृषालीनं मातीकडे धड न बघताच घाईघाईनं पिशव्या भरल्या.

निकाल आला तेव्हा तिला तो खरा वाटेना. तिनं परत तपासणी केली, तरी तेच. दोन्ही नमुने सारखेच, रानातल्या मातीतून जवळपास काहीच उडून गेलेलं नव्हतं. तिनं स्वतःच्या डोळ्यांपेक्षा आकड्यावर विश्वास ठेवला, शिकलेली माणसं ठेवतात तसा. म्हातारीनं आपल्याला फसवलं म्हणून तिला संताप आला, आणि त्याच संतापात तिनं चावडीत सांगून टाकलं की ही जमीन वर्षभरापेक्षा जास्त कसलेली नाही.

तहसीलदारांची जीप धुरळा उडवत गेली. गोरक्षनं लगेच माणसं लावली. सहादूनं रचलेला बांध संध्याकाळच्या आत उकलला गेला.

एसटीच्या थांब्यावर कलाबाई वृषालीशेजारी येऊन बसली.

"खोटं का बोललात मावशी?" वृषालीनं विचारलं. आवाज तिला वाटला त्यापेक्षा कडक निघाला.

"पंधरा वर्सं रान कसलंय, बाई. ह्या हातानं." म्हातारीनं उकललेल्या बांधाकडे हात केला. "मी माझ्याकडनं काय बी कमी केलं न्हाई. तुमी गेल्यावर माझी ती राखावानी माती दिली टाकून, अन् गवतातली काळीभोर आनून ठिवली. पोरगी दावायची तर मळक्या लुगड्यात दावत्यात व्हय?" तिनं पदरानं डोळे टिपले. "एवढी नटवली, तरी साहेबाच्या मनात न्हाईच भरली."