काठाचा धोटा

मोनिका चहा घेऊन आली तेव्हा मागावरच्या तिच्या पाटावर धाकटी बहीण रुचिका बसली होती.

करवती काठाची साडी एकट्याने विणता येत नाही. तिचे बाबा, सेवकराम, डावीकडून सुताची कांडी भरलेला काठाचा धोटा ताण्याच्या उभ्या धाग्यांतून सोडत, उजवीकडे मोनिका तो झेलून परत पाठवी. सकाळी कॉलेजात जीवशास्त्र शिकवायचं, दुपारी या पाटावर बसायचं. अकरा वर्षं.

रुचिका चार दिवसांसाठी बेंगळुरूहून आली होती. मेंदूतल्या पेशींवर तिचं संशोधन चालू होतं.

"बाबा, मेंदूतल्या दोन पेशी एकमेकींना चिकटलेल्या नसतात. मधात फट असते," ती सांगत होती. "एक पेशी रसायन सोडते. दुसरीच्या पडद्यावर ते झेलणारे रेणू असतात. ते पडद्यात फिरत राहतात, पण बरोबर समोर गोळा होऊन थांबतात. जरासे बाजूला सरकले, की रसायन तेवढंच सुटतं, अन् निरोप मात्र कमजोर पोचतो."

सेवकरामांनी माग थांबवला. "म्हंजे झेलणाऱ्याचा हात समोरच पायजे."

"एकदम बरोबर, बाबा!"

"पाह्य मोनिका, किती सोपं करून सांगते पोट्टी!"

याच दोन पेशींची आकृती मोनिका दरवर्षी फळ्यावर काढत होती. तू काय शिकवतेस, हे बाबांनी तिला एकदाही विचारलं नव्हतं. मागावर दोघांत बोलणं व्हायचं ते सूत तुटलं तरच.

"ताई, आज मलेच बसू दे न," रुचिका म्हणाली.

"बस न. मले कायले विचारतेस? बसलीच हायेस."

सेवकरामांनी पायाखालची पावडी दाबली आणि नेहमीसारखा, न पाहता, धोटा सोडला. रुचिकाचा हात चार बोटं अलीकडे होता. धोटा तिच्या बोटांना चाटून जमिनीवर पडला. कोशाचं रेशमी सूत तुटलं.

"हात कोठी ठेवला, मोनिका?" मान वर न करता ते खेकसले.

रुचिका हसायला लागली. "बाबा, मी आहो!"

सेवकरामांनी वर पाहिलं. आधी रुचिकाकडे, मग दारात कप धरून उभ्या असलेल्या मोनिकाकडे.

मोनिकाने कप खाली ठेवले. वाकून धोटा उचलला. तुटलेलं सूत जिभेवर ओलं करून, पिळून जोडलं आणि धोटा बहिणीच्या हातात दिला.

हात कुठे ठेवायचा, ते मात्र तिने सांगितलं नाही.