पाठमोरी

“ही कुणाची तरी वाट बघतेय,” चष्मेवाला विद्यार्थी म्हणाला.

“छे! रुसलीय ती,” शेजारची म्हणाली.

विद्यापीठाच्या कलासंग्रहालयात त्या दिवशी प्रत्येकाने घरचं एक माणूस सोबत आणायचं होतं. नातीने आजीला आणलं होतं. समोरच्या चित्रात एक तरुण बाई खिडकीकडे तोंड करून बसली होती. पाठ उघडी, एक पाय मुडपून अंगाखाली घेतलेला. चेहरा दिसतच नव्हता. तिच्या मनात काय चाललं असेल ते सांगा, एवढाच मॅडमचा प्रश्न होता.

आजी चित्राच्या आणखी जवळ सरकली. ती खिडकी तिच्या ओळखीची होती. पंचेचाळीस वर्षांपूर्वी याच विद्यापीठातल्या चित्रकलेच्या वर्गात ती महिनाभर त्या खिडकीसमोर बसली होती. तेव्हा नवरा अंथरुणाला खिळलेला, मुलगा अंगावर पिणारा. घरी सांगितलं होतं, वसतिगृहात शिवणकाम मिळालंय. नवरा बरा झाला, म्हातारा होऊन गेला. त्याला शेवटपर्यंत पत्ता लागला नाही. मुलगा तर अजून चारचौघांत अभिमानाने सांगतो, आमच्या आईने सुईदोऱ्यावर घर तगवलं.

आताही गप्प राहिली असती तर काही बिघडलं नसतं. पण पोरं सुटलीच होती. कुणी म्हणालं, विरह. कुणी म्हणालं, पापाच्या ओझ्याने खांदे वाकलेत.

पाप म्हटल्यावर मात्र आजीला राहवेना.

“पाप-बीप काही नाही रे. पायाला मुंग्या आल्यात तिच्या. तासभर हलू दिलेलं नाही.”

सगळे खो खो हसले. मॅडम तेवढ्या हसल्या नाहीत. “तुम्हाला कसं माहीत?” त्यांनी हळूच विचारलं.

आजीने नातीच्या हातातून आपला हात सोडवून घेतला.

“माझाच पाय आहे तो.”

हसू जागच्या जागी विरलं. नात चित्राकडे बघत राहिली, मग आजीकडे, मग पुन्हा चित्राकडे. आजीने शाल गळ्यापर्यंत ओढून घेतली. आता ही पोर तोंड फिरवून चालायला लागणार, असं तिला वाटलं. नातीने तिचा हात पुन्हा धरला. घट्ट.

“मग तूच सांग ना आजी. काय चाललं होतं तुझ्या मनात?”

“हेच गं,” आजी म्हणाली, “की घरी काय सांगायचं.”