मुठीत मावणारे गोळे

आयर्लंडमधल्या पोर्टलीशच्या त्या भाड्याच्या बैठ्या घरात शुभदाचं स्वतःचं असं एकच होतं: दोन वर्षांची तन्वी दुपारी झोपली की मिळणारा तासभर. व्हिसावर नोकरीची मुभा नव्हती, पुण्याहून आणलेली मेकॅनिकलची डिग्री बॅगेतच पडून होती. म्हणून तो तास ती मागच्या शेडमध्ये घरमालकाच्या जुन्या लेथपाशी, धातू कातायच्या यंत्रापाशी, काढायची, शेजारी बेबी मॉनिटर ठेवून.

तन्वीच्या उंच कठड्याच्या सेकंडहँड लोखंडी कॉटच्या चारी खांबांची टोकं उघडी होती, हाताला लागायची. शुभदाने गोळे करायची अटॅचमेंट पोस्टाने मागवली, लेथला बसवली आणि हत्यार केसाकेसाने गोल फिरवत त्या टोकांवर बसवायला पितळेचे चार गोळे केले. त्याआधी झोपलेल्या लेकीची मूठ अलगद उघडून मापही घेतलं.

“अगं, मी टाके घालतानासुद्धा इतकं मोजत नाही,” डॉक्टर नवरा हसला.

“तुझं तू बघ. माझ्या बाईच्या मुठीत कसे नेमके बसायला हवेत!”

गोळे खांबांवर चढले आणि तन्वीच्या मुठीत नेमकेच बसले. दुसऱ्या दुपारी मॉनिटर शांत होता. शुभदा स्वतःवर भलतीच खूश होऊन लेथ सुरू करणार, तोच शेडच्या दारात एकच मोजा घातलेली तन्वी उभी. दोन्ही मुठी वर धरून, गोळे पकडून कॉटच्या कठड्यावरून कशी उतरली ते दाखवत इथल्या आयरिश ढंगात म्हणाली, “ग्रँड, मॅमी!” म्हणजे, मस्त, आई!


आता मुठीत न मावणारे मोठे गोळे करायला हवेत. पण तेवढा वेळ तन्वीने कॉटमध्ये थांबायला हवं.