बेनिफिटला दुसरा शब्द

“बेनिफिट म्हंजी फायदाच न्हवं, सर?” सिंधुबाईनं तिसऱ्यांदा विचारलं.

संगमेश्वर सरांनी तिसऱ्यांदा होकार दिला. चाकूरच्या शाळेत एकतीस वर्षं इंग्रजी शिकवलेला माणूस. रिटायर झाला तरी कुणी शब्दाचा अर्थ विचारला की त्याची कळी खुलायची. फायदा म्हणा, लाभ म्हणा, हित म्हणा, असं त्यांनी बोटावर मोजून दाखवलं. मग इंग्रजीतले अ‍ॅडव्हान्टेज, गेन, प्रॉफिट झाले. प्रॉफिट मात्र दुकानदाराचा, तो इथं चालत नाही, हेही सांगून झालं.

सिंधुबाईनं सगळं ऐकून घेतलं. ती सोयाबीनच्या रानातून तशीच आली होती. काढणीला जाणाऱ्या बाया घालतात तसा लेकाचा जुना सदरा तिच्या लुगड्यावर होता.

“मंग फायदा झालेल्या पोराला नोकरीवर का घेईनात?” ती म्हणाली.

आता आली का पंचाईत! सरांनी चष्मा पुसला आणि तिनं पिशवीतून आणलेला कोर्टाचा निकाल पुन्हा हातात घेतला.

तिचा बजरंग पोलीस भरतीत निवडला गेला होता. चार वर्षं पहाटे उठून हायवेला पळाला, दोनदा एकेका मार्कानं राहिला, तिसऱ्यांदा यादीत नाव लागलं. गल्लीत पेढे वाटून झाले आणि मग लातूरहून पोलीस साहेबाचा कागद आला. तुमच्यावर मारहाणीची केस होती, कोर्टानं संशयाचा फायदा देऊन सोडलेलं आहे, तर नेमणूक रद्द का करू नये याचा खुलासा पंधरा दिवसांत करा. त्यातले अकरा दिवस गेले होते. बजरंगनं जेवण टाकलं होतं. पळायचे बूट त्यानं काल शेजारच्या पोराला देऊन टाकले. ते बघून आज कुणाला न सांगता ती सरांकडं आली.

तिचं म्हणणं सरळ होतं. निकालात बेनिफिट लिहिलंय, तो शब्द साहेबाला खटकून राहिला. तर त्याच अर्थाचा दुसरा, जरा बरा शब्द घालून सरांनी इंग्रजीत खुलासा लिहून द्यावा. राशनच्या दुकानात, बँकेत, सगळीकडं लाभार्थी म्हटलं की लोक खुर्ची देतात. मग लाभ लिहिलं तर काय बिघडतं?

सरांना हसू आलं आणि लगेच वाईटही वाटलं.

“सिंधुबाई, खोट फायद्यात नाही. खोट संशयात आहे,” ते म्हणाले.

मग त्यांनी तिला निकाल मराठीत वाचून दाखवला. सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. शेजारच्या रानातल्या वैजनाथनं नांगरताना सिंधुबाईचा बांध हातभर कोरला होता, त्यावरून बोलाचाली झाली होती. दुसऱ्या दिवशी फटफटताना वैजनाथ विहिरीवरची मोटार चालू करायला गेला तेव्हा तुरीतून दगड आला आणि त्याच्या खांद्याचं हाड मोडलं. बजरंगला मी ओळखतो, तोच होता, असं वैजनाथनं कोर्टात सांगितलं. उलटतपासणीत मात्र कबूल केलं की तूर छातीएवढी होती. चौकड्याचा सदरा आणि डोक्याला बांधलेलं फडकं, एवढंच पाठमोरं दिसलं. सदरा बजरंगचा, हे सगळ्या गावाला माहीत होतं.

“म्हणजे कोर्ट म्हणतं, यानं मारलं असेल, पण सिद्ध झालं नाही. हे पुसायला माझ्याकडं शब्द नाही बाई. असता तर दिला असता.”

सरांना राहवेना. बजरंग त्यांचाही विद्यार्थी, कधी कुणाला वाकडा शब्द न बोललेला. त्या पहाटे तो कुठं होता, असं त्यांनी विचारलं.

“घरात. झोपला व्हता.”

“मग हे तुम्ही कोर्टात का नाही सांगितलं?”

“वकील म्हणले, आईच्या साक्षीला कोण इचारतंय. अन् बजरंगनंच मला गप ऱ्हा म्हणलं. पोलिसाची जीप दारात आली तर आपसूक जाऊन बसला त्यो. माझ्याकडं बगितलं बी न्हाई.”

सर उठले, माठातलं पाणी तिला दिलं. घोटभर पिऊन तिनं तांब्या खाली ठेवला.

“संशय जायला काय करावं लागतं, सर?”

सरांनी सुस्कारा सोडला. आता सहा वर्षांनी काय होणार, असं ते म्हणाले. ज्यानं दगड मारला तो स्वतः पुढं आला, लेखी कबूल झाला, तर गोष्ट वेगळी. मग बजरंगचा खुलासा भक्कम होईल, साहेबालाही विचार करावा लागेल. पण तुरुंगात जायला कोण आपल्या पायानं येतं?

“मंग फायदा म्हणणार न्हाईत?”

“नाही. मग निर्दोष म्हणतील.”

“निर्दोष,” ती हळूच म्हणाली. हा शब्द तिला आवडलेला दिसला. “त्याला इंग्रजीत काय म्हणत्यात?”

“इनोसंट.”

तिनं तोही एकदा म्हणून बघितला. जमला नाही, तशी कसनुशी हसली. मग टेबलावरचा कोरा कागद उचलून तिनं सरांच्या पुढं सरकवला, पेन त्यावर ठेवलं.

“लिवा मंग,” ती म्हणाली. “वैजनाथला दगड मी मारला.”